५ एकर कोरडवाहू, कळंब तालुका: शेळ्या घ्याव्यात का रेशीम करावं? जोडधंद्याबद्दल सल्ला हवाय

बालाघाट_कळंब:

नमस्कार मंडळी. मी धाराशिव जिल्ह्यातला, कळंब तालुका. जमीन ५ एकर, त्यातली दीड एकर हलकी मुरमाड, बाकी काळी. सोयाबीन, तूर, मागून हरभरा एवढंच पीक. बोअर आहे पण होळीपर्यंतच चांगलं चालतं, पुढं तासाभरात गुळण्या टाकायला लागतं. २०२५ च्या सप्टेंबरात जो पाऊस झाला त्यात निम्मं सोयाबीन रानातच कुजलं आणि जे घरी आलं ते डागी, हमीभाव ५३२८ आणि आडतीवर ४००० च्या आतबाहेर, त्यात डागी म्हणून अजून कटती. म्हणजे वर्षातून एकदा पैसा येणार आणि तोही असा. घरी आई, बायको, मी आणि २ लेकरं शाळेत. आता एका पिकाच्या जिवावर घर चालत नाही हे पक्कं कळलंय.

भाऊ पुण्यात कंपनीत आहे, तो २ लाख द्यायला तयार आहे पण म्हणतो एकदाच देणार, विचार करून घाल. गावात ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. एक म्हणतो रेशीम कर, आपल्या तालुक्यात खूप जण करायलेत. एक म्हणतो ब्रॉयलरचं शेड टाक, कंपनी सगळं देते. युट्यूबवर बघितलं तर १० शेळ्यांचे २ वर्षांत १०० होतात म्हणे. त्यात परवा एका एजंटचा फोन आला, १०० शेळ्या ५ बोकडांचा प्रकल्प करून देतो, ५० टक्के अनुदान, फाईलचे एवढे एवढे आधी भरा. भरलेले नाहीत अजून.

मला महिन्याला १०-१२ हजार सुटले तरी बास आहे. दूध, शेळी, कोंबडी, रेशीम, काय जमेल? जे स्वतः करतायत त्यांनीच सांगा, आणि खरं सांगा.

बार्शीचा_गडी:

भाऊ आधी मला सांगा, तुमची तुरीची आणि हरभऱ्याची गुळी, म्हणजे मळणीनंतर उरलेलं भुसकट, कुठं जाते? मळणी झाली की रानातच पेटवून देता का कुणाला ट्रॉलीनं विकता? कारण मी शेळ्या पाळतो आणि माझा निम्मा खर्च त्याच गुळीवर होतो, ती तुमच्या घरात फुकट पडलीय. तुरीचं भुसकट, हरभऱ्याचं भुसकट, सोयाबीनची गुळी, शेळी हे सगळं आवडीनं खाते. ३-४ एकराची गुळी नीट कोरडी ठेवली तर १० शेळ्यांचा वर्षाचा सुका चारा जवळपास निघतो. फक्त पावसात भिजू द्यायची नाही, बुरशी धरलेली गुळी खाल्ली की गाभडण्यापर्यंत भानगड जाते.

जात उस्मानाबादीच घ्या, तुमच्याच भागातली आहे, काळी, लांब कानाची, आपला उन्हाळा सोसते, आणि जुळी देण्यात चांगली. बीटल, सिरोही बाहेरून आणून चार दिवस बघायला छान वाटतं पण आपल्या हवेत त्यांचे लाड करावे लागतात.

आता युट्यूबचा हिशोब सोडा आणि हा बघा. शेळी ५ महिन्यांनी विते, साधारण २ वर्षांत ३ वेतं. १० शेळ्या धरल्या तर वर्षाला १५ वेतं, सगळ्यांना जुळी होत नाहीत, काही पिल्लं मरतात, एखादी शेळी उलटते, म्हणजे गाभ धरत नाही. चांगली देखभाल असली तर १८-२० करडं हाताला लागतात, नवीन माणसानं १५ च धरावीत. बोकड ८-९ महिन्यांचा झाला की १८-२० किलो भरतो. तुमच्या आठवडी बाजारात जिवंत वजनावर काय भाव चाललाय ते स्वतः उभं राहून बघा, खाटकाला विचारू नका, विकणाऱ्याला विचारा. समजा ४०० धरला तर एक नग ७-८ हजाराचा. म्हणजे १५ करडांचे लाखभर रुपये उलाढाल, त्यातून सरकी पेंड, मका भरडा, औषध, लस, मेलेलं धेलेलं वजा करा, ५०-६० हजार राहतात. महिन्याला ५ हजार झाले. १२ हजार पाहिजे असतील तर २५ शेळ्यांपर्यंत जावं लागेल आणि ते घरच्या पाठी (मादी करडं) ठेवून ठेवून तिसऱ्या वर्षी होईल, पहिल्या वर्षी नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिला पैसा कधी येतो. आज रिकामी शेळी घेतली तर ती माजावर येणार, भरणार, ५ महिन्यांनी विणार, मग करडं ८ महिने वाढणार. १४-१५ महिने तुमच्या खिशात एक रुपया येत नाही. निम्मे लोक इथंच बसतात, करडं लहान असतानाच अडचणीपोटी विकून टाकतात आणि मग म्हणतात शेळीत काय नाही. त्यामुळं २ लाखातले सगळे शेळ्यांत घालू नका. ८-१० शेळ्या घ्या, त्यातल्या निम्म्या गाभण बघा, एक चांगला बोकड दुसऱ्या गावचा, आणि ४० हजार तरी खाण्या-औषधाला बाजूला ठेवा. शेड साधंच करा, पत्रा आणि पाइप, खाली मुरूम. शेडचा थाट केला म्हणून शेळी जास्त वीत नाही.

१०० शेळ्यांचा प्रकल्प आत्ता करू नका. योजना खरी आहे, राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० अधिक ५ ला ५० टक्के, १० लाखांपर्यंत अनुदान आहे, पण आधी बँकेचं कर्ज किंवा स्वतःचे पैसे दाखवावे लागतात, अनुदान नंतर टप्प्यानं येतं. १०० शेळ्यांचा चारा तुमच्या ५ एकरात, तोही होळीला पाणी संपणाऱ्या, कुठून आणणार? एजंटला एक रुपया देऊ नका. अर्ज ऑनलाईन स्वतः भरता येतो.

तुतीवाला_बीड:

मी रेशीमवाला आहे तरी तुम्हाला लगेच रेशीम करा असं म्हणणार नाही, कारण तुमचं पाणी. तुतीला एप्रिल-मेमध्ये पाणी नसलं तर झाड मरत नाही, चिवट आहे, पण पाला मिळत नाही आणि पाला नाही तर बॅच नाही. वर्षात ४-५ बॅच निघतात त्यातल्या उन्हाळ्याच्या गेल्या तर गणित बदलतं. ठिबक करून एकच एकर लावली आणि बोअर जानेवारीपर्यंत खात्रीचं असेल तर पावसाळा-हिवाळ्याच्या ३ बॅच तरी घेता येतात.

पण रेशीमसारखा पटकन पैसा देणारा दुसरा धंदा मला तरी माहीत नाही. अंडीपुंज (रेशीमकिड्याची अंडी) घेतले, चॉकी म्हणजे लहानपणी वाढवलेल्या अळ्या बाहेरून आणल्या तर आपल्या शेडमध्ये अळी २० दिवसांच्या आसपास असते आणि कोष निघतो. १०० अंडीपुंजाला ६०-७० किलो कोष हाताला आले तर चांगलं काम झालं म्हणायचं. भाव कायम वर-खाली हलत राहतो. आधी गाडी करून थेट कर्नाटकात रामनगरला न्यायला लागायचं, २०१८ ला जालन्यात कोष बाजार सुरू झाला तेव्हापासून आपली लांबची वारी वाचली. सरकारी योजनेतून एक एकर तुती लागवड आणि कीटक संगोपनगृहाला पैसे मिळतात, रेशीम कार्यालयात जाऊन महा रेशीम अभियानात नाव नोंदवा, बाकी तपशील तिथंच कळेल.

आता जे कुणी सांगत नाही ते सांगतो. शेवटच्या अवस्थेत, चौथा मोल्ट (कात टाकणं) उठला की अळी ६-७ दिवस जे खाते ते बघण्यासारखं असतं. आख्ख्या बॅचच्या पाल्यातला ८० टक्क्यांच्या वर पाला याच दिवसांत जातो. पहाटे फांद्या कापायच्या, दव असलेला पाला द्यायचा नाही, रॅकवर पसरायचा, चुना धुरळायचा, दुपारी परत, रात्री परत. त्या आठवड्यात घरात लग्न असो का मयत, दोन माणसं शेडवर पाहिजेतच. आई आणि बायको दोघी शेताची कामं सांभाळून हे करतील का ते आधी त्यांनाच विचारा.

आणि दुसरं म्हणजे फवारणी. तुमच्याकडं सगळीकडं सोयाबीन. शेजाऱ्यानं ऑगस्टमध्ये अळीचं औषध मारलं आणि वारा तुमच्या तुतीकडं असला की खेळ संपला. आपली रेशमाची पण अळीच आहे. पाला दिल्यावर काही तासांत अळ्या डोकं वर करून हिरवं पाणी ओकतात, अंग आखडतात, आणि संध्याकाळपर्यंत रॅकच्या रॅक संपते. माझ्या ओळखीच्या एकाची कोषावर आलेली बॅच अशी गेली, भरपाई कुणाकडं मागणार, शेजारी म्हणतो मी माझ्या रानात मारलं. म्हणून तुती लावायची तर वावराच्या मध्यभागी, सगळ्या बाजूनं तुमचंच पीक पाहिजे, आणि बांधाला दाट शेवरी किंवा गिरीपुष्प. ५ एकर एका जागी आहे का तुकडे आहेत?

एक चांगली गोष्ट, अळीनं पाला खाऊन उरलेल्या हिरव्या फांद्या शेळ्या सोलून खातात. दोन्ही धंदे एकमेकाला धरून चालतात. पण दोन्ही एकदम सुरू करू नका.

ब्रॉयलर_१०_वर्ष:

तुमच्या २ लाखात ब्रॉयलर बसत नाही, विषय संपला. ५ हजार पक्ष्यांचं शेड, भांडी, पाणी, लाईट धरली तर आकडा कितीतरी पुढं जातो. कंपनी पिल्लू, खाद्य, औषध देते हे खरं, आपण शेड, लाईट बिल, मजुरी, आणि किलोवर पैसे मिळतात. मर जास्त झाली किंवा खाद्य जास्त गेलं की दर कापतात. एप्रिल-मेला तुमच्याकडं ४२ डिग्री, शेड गार ठेवणारे फॉगर चालवायला पाणी तरी आहे का? माझ्या भागातल्या एका कंपनीनं पक्षी उचलायला आठवडाभर उशीर केला, तेवढे दिवस खाद्य खाऊन आमचाच खाद्य-वजनाचा रेशो बिघडला आणि कापले आमचेच. करार मराठीत मागून वाचल्याशिवाय सही करू नये कुणीही.

भूमचा_खवा:

दुधाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. संकरित गाई घेऊ नका, चारा-पाणी दोन्ही विकत आणि दुधाचा दर ३.५ फॅट ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) वर कधी काय होईल सांगता येत नाही, २०२४ ला दर इतके पडले की सरकारला लिटरमागं ५ रुपये अनुदान द्यावं लागलं. पण आमच्या भूम-वाशी पट्ट्यात खव्याच्या भट्ट्या आहेत, म्हशीच्या दुधाला तिथं गिऱ्हाईक आहे. ४-५ लिटर म्हशीच्या दुधात किलोभर खवा पडतो. तुमच्या गावापासून भट्टी जवळ असली आणि घरी एक म्हैस बांधायची सोय असली तर तेवढी एक चालेल, किराणा भागतो. कुंथलगिरीच्या पेढ्याला मागणी कधी कमी नसते. त्याच्यापुढं नको.

माणदेशी_ताई:

दादा, सगळे शेळ्या किती आणि पैसे किती सांगतायत. मी एक विचारते, हे काम करणार कोण? तुम्ही लिहिलंत आई, बायको, मी. पण शेण-लेंड्या काढणं, पाणी पाजणं, रात्री व्यायला आलेल्या शेळीपाशी बसणं, आजारी करडाला बाटलीनं दूध पाजणं, हे कुठल्या घरात पुरुष करतात ते मला दाखवा. आमच्याकडं माणमध्ये घरोघर शेळ्या आहेत आणि शंभरातल्या नव्वद बायकाच सांभाळतात, बाजारात मात्र दोर धरून पुरुष जातो आणि पैसे त्याच्याच खिशात. त्यामुळं वहिनींना आधी विचारा, आणि त्या हो म्हणाल्या तर शेळ्या त्यांच्या नावावर घ्या, योजनेचा अर्ज त्यांच्या नावावर करा, विकलेले पैसे त्यांच्या खात्यात येऊ द्या. हे मी मनापासून सांगतेय, ज्या घरात असं आहे तिथं करडू लवकर विकलं जात नाही, कारण तिला माहीत असतं कुठली पाठ ठेवायची आणि कुठली काढायची.

उमेदच्या बचत गटात असतील तर गावातल्या पशुसखीला भेटायला सांगा, लसीकरण, जंताचं औषध ती करते, छोट्या गोष्टीला डॉक्टरची वाट बघावी लागत नाही.

आणि शेळीचा पैसा वर्षानं येणार म्हणताय ना सगळे, तोवर घरखर्चाला २०-२५ गावरान किंवा वनराज, गिरिराज कोंबड्या परसात सोडा. दाणे, सोयाबीनमधलं पाखडलेलं, स्वयंपाकघरातलं उरलेलं, रानातले किडे, खाणं बऱ्यापैकी असंच भागतं. अंडी गावातच हातोहात जातात, गावरान अंड्याला पोल्ट्रीच्या अंड्यापेक्षा चांगला भाव आहे, श्रावणात थोडी मंदी असते तेवढीच. फक्त मानमोडीची लस चुकवायची नाही. आली तर एका रात्रीत खुराडं रिकामं होतं. आणि खुराडं जमिनीपासून उंच, खालून जाळी, मुंगसाचा बंदोबस्त.

कडकनाथच्या नादाला लागू नका. पक्षी वाईट नाही, झाबुआचा मूळ पक्षी चांगलाच आहे, पण दामदुपटीच्या स्कीममध्ये आपल्या भागात किती घरं बुडाली ते सगळ्यांना माहीत आहे.

पशुवैद्यक_लातूर:

चर्चा चांगली चाललीय. मी फक्त माझ्या कामापुरतं लिहितो कारण नवीन कळपाचं नुकसान बहुतेक वेळा पहिल्या ३ महिन्यांत होतं आणि ते टाळता येतं.

शेळ्या बाजारातून एकगठ्ठा घेऊ नका. ४ गावच्या ४ शेळ्या एकत्र आल्या की पीपीआर (शेळ्यांचा साथीचा रोग), देवी, खूर सडणं सगळं बरोबर येतं. पाळणाऱ्याच्या घरी जाऊन घ्या, तिची आई बघायला मिळते, कास बघा, दोन्ही सडातून धार काढून बघा, दात बघा, दुदाती किंवा चौसा (दोन किंवा चार पक्के दात आलेली) घ्या, त्याच्यापुढची नको. आणल्यावर २-३ आठवडे घरच्या इतर जनावरांपासून आणि गावातल्या कळपापासून लांब बांधा. त्या काळात जंतनाशक द्या. पीपीआरची लस एकदा दिली की ३ वर्षं चालते, ४ महिन्यांच्या पुढच्या करडांनाही द्या. आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या आधी मे महिन्यातच, पहिल्या वेळेला १५ दिवसांच्या अंतरानं दोनदा. पहिला पाऊस पडून कोवळं गवत फुटतं आणि सगळ्यात धष्टपुष्ट करडू सकाळी मेलेलं सापडतं, लोक म्हणतात साप चावला किंवा नजर लागली. तो आंत्रविषार असतो.

करडू जन्मलं की नाळ कापून टिंक्चर आयोडीन लावा आणि पहिल्या तासा-दोन तासात चीक पोटात गेलाच पाहिजे. काही ठिकाणी वार पडेपर्यंत चीक पाजत नाहीत, ते करू नका. वजनाच्या दहावा हिस्सा, म्हणजे २ किलोच्या करडाला दिवसभरात २०० मिली, ३-४ वेळा विभागून.

विमा काढाल तेव्हा कानातला बिल्ला पडला तर लगेच कळवून दुसरा मारून घ्या. बिल्ला नाही तर दावा नाही. शेळी मेली तर पुरण्याआधी शवविच्छेदन करून घ्या.

योजनेचं म्हणाल तर राज्याची १० शेळ्या १ बोकडाची गट योजना आहे, सर्वसाधारणला ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ७५ टक्के. अर्ज ऑनलाईन निघतात तेव्हाच भरायचे. शिवाय पशुपालनासाठी किसान क्रेडिट कार्ड मिळतं, खाद्याच्या खर्चाला ते सावकारापेक्षा कितीतरी बरं. बँकेत एका चकरेत होत नाही, पण मागं लागा.

बालाघाट_कळंब:

सगळ्यांचे आभार, इतकं सविस्तर कुणी सांगेल वाटलं नव्हतं. गुळीचं वाचून आई म्हणाली हे तर मी कधीची सांगत होते. दर वर्षी २ ट्रॉल्या गुळी आम्ही गावातल्या एकाला अशीच उचलून देतो.

तुतीवाले दादा, जमीन २ तुकड्यांत आहे, काळी साडेतीन एकर एका ठिकाणी पण तिन्ही बाजूनं दुसऱ्याचं सोयाबीन. त्यामुळं रेशीम सध्या बाजूला. बायकोशी बोललो, ती म्हणाली १० पेक्षा जास्त शेळ्या पहिल्या वर्षी नको, आणि चारा आणायचं काम माझं, ते लिहून दे. ताई, अर्ज तिच्याच नावावर करणार आहे, बचत गटात ती आहेच. कोंबड्या पण तीच बघते म्हणाली.

२ शंका राहिल्या. हिरव्या चाऱ्याचं काय करू, होळीनंतर पाणी नाही म्हणजे नेपियर, लसूणघास जमणार नाही. आणि दुसरं, आमच्या बाजूला लांडग्यांचा त्रास आहे, शिवाय २०२४ च्या डिसेंबरात येडशीच्या रामलिंग अभयारण्यात टिपेश्वरचा वाघ आला तेव्हापासून लोक रानात शेळ्या न्यायला घाबरतात. पूर्ण बंदिस्त करावं का?

बार्शीचा_गडी:

पूर्ण बंदिस्त केलं तर खाण्याचा खर्च वाढतो, पूर्ण सोडलं तर लांडगा आणि चोर दोन्ही. अर्धबंदिस्त करा. सकाळी ऊन वर आल्यावर ३-४ तास तुमच्याच मुरमाड दीड एकरात सोडायच्या, सोबत माणूस, दुपारी घरी. रात्रीचं शेड वावरात नको, घराला लागून, चारी बाजूनं चेनलिंक जाळी, खाली दगडाचा पाया, नाहीतर लांडगा उकरून आत येतो. चोरीचं प्रमाण आमच्याकडं लांडग्यापेक्षा जास्त आहे, बकरी ईदच्या आधी तर विशेष. एक बल्ब आणि एक गावठी कुत्रं एवढं पुरतं.

आणि ईद डोक्यात ठेवूनच बोकड राखा. त्या १५-२० दिवसांत चांगल्या देखण्या बोकडाला वजनावर नाही, नगावर भाव मिळतो. तारीख दर वर्षी १०-११ दिवसांनी अलीकडं सरकते, त्या हिशोबानं शेळ्या कधी भरवायच्या ते ठरवा.

पशुवैद्यक_लातूर:

चाऱ्याचं सांगतो. तुमच्या मुरमाड दीड एकराच्या आणि काळ्या रानाच्या सगळ्या बांधांवर जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की शेवरी टोका, एक-दीड फुटावर. ३-४ महिन्यांत पहिली छाटणी येते, कमरेएवढ्या उंचीवर छाटायची, खालून छाटली तर फुटत नाही. मुळं खोल गेली की उन्हाळ्यातही थोडा पाला राहतो. सोबत थोडी सुबाभूळ चालेल पण एकूण हिरव्या चाऱ्यात तिचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका. बाभळीच्या, बोरीच्या डहाळ्या आणि बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यात गोळा करून ठेवा, शेंगा भरडून द्यायच्या.

आणि हे वर्ष वाया घालवायचं नसेल तर खरिपात १० गुंठे मका किंवा कडवळ पेरा, मका कणसात चीक भरला की कापून कुट्टी करून मुरघासाच्या पिशव्या भरा. हवा राहता कामा नये, तुडवून तुडवून भरायचं, तोंड घट्ट बांधायचं, उंदरापासून सांभाळायचं. दीड महिन्यानंतर कधीही उघडता येते. होळी ते मृग एवढाच काळ तुम्हाला काढायचाय, दिवसाला शेळीमागं किलोभर मुरघास, बाकी गुळी आणि शेवरी. उघडलेली पिशवी रोज वापरात पाहिजे, आणि काळी पडलेली, वास मारणारी मुरघास गाभण शेळीला अजिबात देऊ नका.

शेळ्या मात्र चारा तयार झाल्यावर आणा, दिवाळीच्या सुमाराला. तोपर्यंत शेड, शेवरी आणि वहिनींच्या कोंबड्या.